वाळवंट, मसाला आणि बिबडे

मे महिना उजाडला की आमच्या घरच्या गच्चीवर दोन गोष्टी वाळत पडतात. एक आजीचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि दुसरा त्यांची राखण करणारा मी. भुसावळात मी चांगली टेबलखुर्चीची नोकरी करतो, पण यावल तालुक्यातल्या आमच्या गावी पाऊल टाकलं की माझी पात्रता कावळे हाकलण्यापुरती उरते. "नाही तरी वाचतच बसतो, मंग वर बसून वाच," असा आजीचा बिनतोड युक्तिवाद. पारा 44 वर, डोक्याला उपरणं, शेजारी पाण्याची कळशी, मांडीवर सहाशे पानांचा ठोकळा.

मी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा वाचतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यातलं फक्त 'विज्ञान' तेवढं त्यांनी उचललंय. त्यामुळे कूलरचा पंप बंद पडला की हाक मलाच येते. 1974 साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहवून घेऊन. आपल्या नावाकडे बघून परीक्षकांनी गुण देऊ नयेत, हा त्यांचा हेतू. मला मात्र दर उन्हाळ्यात वाटतं, आपणही एखादं जगताप नाव घ्यावं. निदान पंपापुरतं.

अद्भुतकथांबद्दल माझी जुनी तक्रार आहे. पहिल्या पानावर नकाशा असतो, त्यात डोंगर, दलदल, शापित जंगल. नायक कुठवर आला हे बघायला दर दहा पानांनी मागे जावं लागतं आणि तो अजून त्याच जंगलात असतो. आमची यावल-भुसावळ एसटी यापेक्षा लवकर पोचते. शिवाय ही माणसं तीन-तीन खंड पायी चालतात आणि खातात काय, तर पाव आणि चीज. फार तर सरायीत मिळणारं कसलंसं पातळ कालवण. ड्रॅगन उडतो यावर मी विश्वास ठेवीन, पण शेवभाजी आणि वरण-बट्टीवाचून एवढं मोठं युद्ध जिंकलं, हे काही पटत नाही.

यंदा मांडीवर फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' होती. 1965 सालची ही कादंबरी आहे एका वाळवंटी ग्रहावरची. तिथे पाण्याचा थेंबन् थेंब मोलाचा. लोक असा पोशाख घालतात की अंगातला घामसुद्धा गोळा होऊन पुन्हा प्यायला मिळावा. समोरच्याचा मान राखायचा तर त्याच्यापुढे थुंकायचं, कारण आपल्या अंगचं पाणी त्याला दिलं! या हिशेबानं आमच्या बसस्टँडइतकी सुसंस्कृत जागा जिल्ह्यात दुसरी नाही.

दुपारी आजी बिबडे उलटायला वर आली. "काय वाचून राह्यला रे एवढं?"

चूक माझीच. मी सांगायला बसलो.

"एक ग्रह आहे आजी, नुसती वाळू. तिथं एक मसाला सापडतो, त्याच्यासाठी सगळे लढतात."

मला वाटलं, ती हसेल. ती गंभीर झाली. मसाल्यावरून लढाई होते हे तिला पटवावं लागलंच नाही. आमच्या घरात काळ्या मसाल्यात दगडफूल किती, यावरून दोन जावा तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

"काय काय टाकता त्याच्यात?"

"टाकत नाहीत. वाळूतच तयार होतो. त्याच्यानं आयुष्य वाढतं."

"चांगदेव चौदाशे वर्षं जगला. त्यानं कोनता मसाला खाल्ला होता?"

इथे मी गारद. चांगदेव गाव तापी-पूर्णेच्या संगमावर, आमच्यापासून एका दुपारच्या अंतरावर. परदेशी कादंबऱ्यांतले दीर्घायुषी लोक कसे उंच, गोरे आणि पावलोपावली शहाणपण सांगणारे. आमचा मात्र चौदाशे वर्षांचा योगी वाघावर बसून येतो, पण पत्रावर मायना काय घालावा ते न सुचून कोरा कागद पाठवतो, आणि एवढीशी मुक्ताबाई म्हणते, इतकं जगून कोराच राहिला! असं पात्र रंगवायला छाती लागते.

मी नेटानं मुद्द्यावर आलो. वाळूखाली आगगाडीएवढा अजस्र किडा असतो. जमिनीवर ठरावीक ठेक्यात धप्-धप् झालं की तो धावून येतो आणि सगळं गिळतो. म्हणून लोक ठेका चुकवत, अडखळत चालतात.

आजीनं हातातला बिबडा खाली ठेवला. "मंग तिथी बोअरची गाडी आली तं?"

साठ वर्षांत कोण्या समीक्षकानं हे विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

"आन् केळीले पानी कुठून देता?"

"केळी नाहीत तिथं."

"मंग गावच कशाले वसवलं?" एवढं म्हणून ती उठली. जिन्याशी थांबली. "त्या किड्याले पानी सोडून पाहा म्हना. मरते."

"आजी, तो हुमणी नाही. आगगाडीएवढा आहे."

"किडा तो किडाच." ती उतरून गेली. मी पुढचं पान उलटलं आणि तेवढ्यात कावळ्यानं कडेचा बिबडा पळवला.

रात्री लाइट गेली. मोबाइलच्या उजेडात मी बराच पुढे गेलो आणि एका पानाशी उठून बसलो. त्या किड्याला पाणी म्हणजे विष. लेखकानं स्वच्छ लिहिलं होतं.

मी अंगणात गेलो. आजी खाटेवर जागीच होती.

"आजी, तो किडा खरंच पाण्यानं मरतो."

"मंग? मी काय सांगतलं होतं," ती कूस बदलत म्हणाली. "आन् बिबडे मोजले मी. एक कमी आहे."