‘गर्भ टिकायची गोळी’ सरसकट सगळ्यांना?

अमळनेरला माझं मेडिकल आहे. सध्या आपल्या जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘दोनदा पोट पडलं म्हणजे प्रोजेस्टेरॉन कमी. दिवस राहताच गोळी सुरू करा, नऊ महिने घ्या, बाळ शंभर टक्के टिकतं. औषध नैसर्गिक, अपाय नाही.’ तो दाखवून सासूबाई म्हणतात, ‘‘भाऊ, ती गर्भ टिकानी गोयी दे.’’ चिठ्ठी नसते.

प्रोजेस्टेरॉन म्हणजे गर्भ टिकायला लागणारं हार्मोन. ते ‘कमी’ हे निदान मेसेज लिहिणाऱ्याने कुठल्या तपासणीवरून केलं? सुरुवातीच्या गर्भपातांत जवळपास निम्म्या वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, तिथे हार्मोनचं काही चालत नाही. शिवाय वाढ आधीच थांबलेली असली की हार्मोनही उतरतं. म्हणजे रिपोर्टमधला कमी आकडा बऱ्याचदा गर्भपाताचं कारण नसतो, नंतरचा परिणाम असतो.

आता ‘शंभर टक्के’. याची नीट परीक्षा झालेली आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉमिस’ चाचणीत, कारण न सापडता तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्या ८३६ स्त्रिया होत्या. प्रोजेस्टेरॉन घेतलेल्यांत ६५.८ टक्के जणींना मूल झालं, नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांत ६३.३ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. पण तो दुसरा आकडा पुन्हा वाचा. औषधाविना शंभरात त्रेसष्ट! शेजारची ‘मला गोळीनेच राहिलं’ असं सांगते ती खोटं बोलत नाही, पण गोळीविना काय झालं असतं हे तिला तरी कसं कळणार?

मग औषध टाकाऊ? नाही. २०१९ च्या ‘प्रिझम’ चाचणीत सुरुवातीच्या महिन्यांत रक्तस्राव होणाऱ्या ४,१५३ स्त्रिया होत्या. सगळ्या मिळून फरक किरकोळ निघाला, पण ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भपात झाले होते त्यांच्यात औषध घेतलेल्या ७२ टक्के जणींना मूल झालं, दिखाऊ औषध घेतलेल्या ५७ टक्के जणींना. म्हणून ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये सल्ला दिला: आधी एक तरी गर्भपात झालेला आणि आता रक्त जातंय, तर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, योनीमार्गे. तेही सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयातच आहे हे पाहून. ठोके दिसले तर सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत.

नऊ महिने कशाला, हे मला अजून उमगलेलं नाही. सात ते नऊ आठवड्यांच्या सुमारास वार (प्लासेंटा) स्वतःच प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. (गर्भाशयाचं तोंड आखूड असल्यावर अपुऱ्या दिवसांची प्रसूती टाळायला ते देतात, पण ती गोष्ट वेगळी.)

‘नैसर्गिक’ कॅप्सूलही कारखान्यातच तयार होते. तोंडाने घेतली तर गरगरतं, गुंगी येते.

या नादात तपासण्या राहून जातात, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. थायरॉइड, साखर, गर्भाशयातला पडदा, रक्तात गुठळ्या करणारा अँटिफॉस्फोलिपिडचा विकार. या शेवटच्यावर अॅस्पिरिन आणि हेपॅरिन असा वेगळा उपचार आहे. गरज पडली तर नवरा-बायको दोघांच्याही गुणसूत्रांची तपासणी सांगतात. ते ऐकलं की सासूबाई विचारतात, ‘‘पोराची कशाला?’’