रिसेप्शनला जवळची माणसं कशी टाळावीत

घरात कार्य निघालं की यजमानाला कॅटरर, हार आणि पाऊस यांची धास्ती असते. ती सोडा. खरा धोका एकच: सगळे जवळचे नातेवाईक एकाच लॉनवर, एकाच संध्याकाळी जमणार आहेत. वेळीच बंदोबस्त केला नाही, तर ते एकमेकांशी बोलत बसतील.

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे काम. सगळ्यांत लाडकी आत्या हेरा आणि तिला खोलीत दागिन्यांच्या बॅगेजवळ बसवा. "तुझ्याशिवाय कुणावर विश्वास नाही गं," एवढं वाक्य पुरतं. पुढचे चार तास ती नुसत्या आवाजावरून समारंभ ओळखत राहील. रात्रीच्या गाडीने आलेल्या मामाकडे कोठीघराची किल्ली द्या. म्हणजे तो कुणाशी बोलायला उभा राहिला की आचाऱ्याचा पोऱ्या येऊन तूप मागेल. काका पार्किंगला शोभतात. थोरल्या जावयाला मात्र काही सांगू नका. रुसणं हे त्याचं पूर्णवेळ काम आहे आणि त्यात मनुष्यबळ आपलंच गुंतणार आहे.

चुलतभावाला वही आणि पेन द्या. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असलं तरी वही लागतेच. (हुंडाबंदी कायद्याखालच्या 1985 च्या नियमांनुसार वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी ठेवायची असते. आपल्याकडे ही यादी कायदा व्हायच्या कितीतरी आधीपासून चोख ठेवली जाते. पुढच्या कार्यात कुणाच्या पाकिटात किती घालायचे, हे त्याशिवाय कळणार कसं?)

एवढं करूनही काही चिवट माणसं स्टेजपर्यंत पोचतातच. त्यांच्यासाठी रांग आहे. पत्रिकेत 7 ते 10 लिहा आणि जोडप्याला मेकअप आटोपून साडेआठला आणा. रांगेत सख्खं-चुलत काही नसतं. नवरीला अंगाखांद्यावर खेळवलेली मावशी नवरदेवाच्या ऑफिसातल्या मंडळींच्या मागे उभी राहते. ती वर पोचली, नवरीच्या गालावरून हात फिरवून तिने कडाकडा बोटं मोडायला घेतली, की फोटोग्राफर ओरडेल, "मावशी, समोर बघा!" त्याला अडवू नका. त्या रात्रीपुरता घरचा कर्ता तोच. हातावर हात ठेवा, हनुवटी खाली, पुढचे या. मावशीची भेट झाली.

अशात नगरसेवक आले तर रांग थांबवून स्टेज रिकामं करावं. नवऱ्या मुलाचं नाव ते मागच्या मोठ्या स्क्रीनवर वाचून घेतील, काळजी नको. गावाकडे याहून चांगली सोय आहे. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा, आणि माइकवर मान्यवरांचे फेटे-नारळ सव्वा वाजेपर्यंत. नवरा-नवरी हार हातात धरून ऐकत असतात.

जेवणाचं फार सांगत नाही. पंगत असली की वाढायला आणि आग्रह करायला घरची माणसं लागतात, म्हणून बुफेच ठेवा. एका हातात मसालेभात, हक्का नूडल्स आणि जिलेबी सांभाळणारा माणूस कुणाच्या गळ्यात पडू शकत नाही.

एकदाच ही सगळी घडी विस्कटली होती. एप्रिल 2021 मध्ये करोनाच्या निर्बंधांत सरकारने सांगितलं, लग्न दोन तासांत आणि जास्तीत जास्त 25 माणसांत उरका, नाहीतर 50 हजार रुपये दंड. यजमानांवर केवढा अन्याय! आपली जवळची माणसं कोण, हे त्यांना कागदावर लिहून काढावं लागलं. त्या कागदाचे रुसवे अजून निघालेले नाहीत, ते वेगळंच. पण एवढ्याशा माणसांना कामं तरी कोणती वाटणार? रांग नाही, नगरसेवक नाहीत. आत्या चक्क अक्षता टाकताना दिसू लागल्या.

तो काळ गेला, तरी शेवटच्या तासाला गाफील राहू नका. उघड्या लॉनवर रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा नियम आहे, आणि गाणी थांबली की माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. त्यात घरच्यांची पानं मांडली जातात. तळाची बासुंदी, गार पुऱ्या, खोलीतून सुटलेली आत्या. कुणीतरी आजोबांच्या बुलेटची गोष्ट काढतं, मामाला ठसका लागतो, जावईसुद्धा हसतो. इथे लॉनचा व्यवस्थापक तुमच्या मदतीला येईल. तो खुर्च्या रचू लागेल, अर्धे दिवे घालवेल. तेवढ्याने भागलं नाही, तर भांडी मोजून द्यायची आहेत, लाइटच्या मीटरचं रीडिंग लिहून सही करायची आहे आणि डिपॉझिट परत घ्यायचंय, हे मोठ्याने आठवा. मामा हात धुवायला उठेलच. आत्याला तोवर उरलेले लाडू डब्यांत भरायला बसवा.