हलका आहार आणि दुतोंड्या मारुती

दवाखान्यातून घरी सोडताना हातात जो कागद देतात, त्यावर गोळ्यांची नावं असतात, त्यांच्या वेळा असतात, टाके दाखवायला कधी यायचं तेही असतं. आणि तळाशी दोन शब्द: हलका आहार. हलका म्हणजे किती, हे त्या कागदाला विचारायची सोय नसते. नाशिकमध्ये तर हा शब्द फारच निसरडा आहे. इथे मिसळीबरोबर चाराऐवजी दोन पाव घेतले की माणूस पोटावरून हात फिरवत "आज हलकंच खाल्लं" म्हणतो. संध्याकाळी दोन पाववडे झाले म्हणून रात्री नुसताच वरणभात घेतला, तेही हलकंच.

माझं पित्ताशय दुर्बिणीतून निघालं, त्यामुळे पुढचा सगळा हिशोब पित्ताशयाचा. हर्निया-अपेंडिक्सवाल्यांनाही स्वयंपाकघरातला भाग लागू पडेल. आतड्याला टाके असलेल्यांनी मात्र हे फक्त करमणूक म्हणून वाचावं आणि जेवण डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

आधी आत काय बदललं ते. यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. पित्ताशय म्हणजे त्या पित्ताचं गंगापूर धरण. पित्त साठवायचं, आटवून दाट करायचं आणि तेलातुपाची गाडी आत शिरली की विसर्ग सोडायचा. शस्त्रक्रियेत धरणच उचलून नेतात. नदी आटत नाही, बारीक धारेने चोवीस तास वाहत राहते. म्हणून चमचाभर तूप निमूट पचतं. पण वाटीभर तर्री एकदम ओतली तर तिच्यासाठी सोडायला साठाच नसतो. न पचलेली चरबी तशीच पुढे सरकते आणि माणसाची दुपार घरातल्या सगळ्यात लहान खोलीत जाते.

गोदेला पूर किती आला हे नाशिककर फूट-इंचात विचारत नाही. पाणी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी आहे, गुडघ्याला आहे, की कमरेला, एवढंच विचारतो. मी तेलातुपाला तेच माप लावलंय. पहिला आठवडा घाट जवळपास कोरडा: दिवसभरात दोन छोटे चमचे, तेही दोन जेवणांत वाटून. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मारुतीचे पाय भिजतील इतपत, म्हणजे तीन-चार छोटे चमचे. त्यापुढे पोट काय म्हणतं ते ऐकून गुडघा. कमरेचा विचार महिन्याच्या आत मनातही आणायचा नाही.

खरी परीक्षा मात्र पोटात काय जातं याची नसते, ती ओट्याशी सुरू होते. पोटाला तीन-चार भोकं पाडलेल्या माणसाला पहिल्यांदा कळतं की स्वयंपाक हाताने होत नसून पोटाने होतो. कणीक मळणं पोटाने. वरच्या फळीवरचा डबा काढणं पोटाने. खाली वाकून कढई ओढणं, चिकट झालेलं बरणीचं झाकण उघडणं, सगळं पोटाने. कुकरचं बाहेरून फिरवून बसणारं झाकण तर कुस्तीच मागतं, त्यातून रबर नवं असेल तर विचारू नका. रबराला तेलाचं बोट फिरवलं की जोर निम्मा होतो, पण पहिला आठवडा कुकरच्या वाट्यालाच न जाणं बरं. पाच लिटरचा कुकर अर्धा भरला की आपल्या वजनासकट चार-पाच किलोवर जातो. सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो आणि लोखंडाचं वजन जवळपास तेवढंच. सिलिंडर संपायला नेमका हाच आठवडा निवडतो, म्हणून भरलेला आधीच जोडून ठेवावा.

यावर उपाय शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी करायचा असतो, नंतर नाही. रोजच्या वापराचं सगळं कंबर ते खांदा या पट्ट्यात आणून ठेवायचं. तेल पाच लिटरच्या डब्यातून छोट्या बाटलीत. आलं किसून बर्फाच्या साच्यात गोठवायचं, एका खणात एक छोटा चमचा. अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, पाव छोटा चमचा हळद अशा खिचडीच्या आठ-दहा पुड्या बांधायच्या. आणि विजेची शेगडी असेल तर ती ओट्यावरून जेवणाच्या टेबलावर आणायची, म्हणजे खुर्चीत बसून ढवळता येतं. बसून स्वयंपाक करणारा माणूस पाहुण्यांना आळशी वाटतो, पण टाक्यांचं त्यांच्याशी काही नातं नाही.

आता ठसका. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण कागदावर यातलं अवाक्षर नसतं. तेल धुरावलं, त्यात मिरची पडली की तिचा तिखटपणा वाफेवर स्वार होऊन घरभर फिरतो. एरवी आपण दोनदा खोकून पुढच्या कामाला लागतो. टाके असताना एक ठसका म्हणजे चारी भोकांतून एकदम बोलावणं. आणि त्याच्या जोडीला शिंक आली तर ती आणखी वाईट. म्हणून या दिवसांत गॅसशेजारी सांडशी-झाऱ्याच्या जोडीला एक उशी लागते. छोटी, घट्ट भरलेली. ठसका येतोय असं वाटलं की ती दोन्ही हातांनी पोटावर दाबायची, जरा पुढे झुकायचं आणि मग मोकळेपणी खोकायचं. हसू आलं तरी हीच पद्धत. विनोदी स्वभावाच्या मित्रांना दहा दिवस फोनवरच भेटावं.

ठसका मुळातच टाळायचा तर फोडणी बदलावी लागते. एक छोटा चमचा तूप रुंद कढईत टाकलं तर ते पसरतं, जिरं कोरडंच पडतं आणि करपतं. म्हणून लोखंडी पळी घ्यायची आणि ती तिरकी धरायची. तूप एका कोपऱ्यात गोळा होतं आणि अर्धा चमचा जिरं त्यात पुरतं बुडतं. आच मंद. जिरं फुललं की पळी बाजूला घेऊन हिंग, कारण आचेवर हिंग कडू होतो. मग पळी अख्खीच वरणात बुडवायची आणि त्याच क्षणी वर झाकण. चर्र आवाज, वास, वाफ सगळं आत. तिखट हवंच असेल तर हिरवी मिरची न चिरता, देठासकट शिजत्या वरणात सोडायची आणि वाढताना काढून टाकायची. स्वाद येतो, ठसका येत नाही. मोहरीला आठवडाभर रजा द्यावी. ती उडते आणि आपण दचकतो, आणि दचकणंही पोटानेच होतं.

खिचडीसाठी पुडी अर्धा तास भिजवायची आणि पातेल्यात पाच वाट्या पाण्यात झाकण तिरकं ठेवून शिजवायची. पंचवीस मिनिटं पुरतात. झाकण पूर्ण लावलं तर डाळीचा फेस वर चढून गॅसवर उतरतो आणि मग ते पुसायला वाकावं लागतं. टोमॅटो, आमसूल, लिंबू यांतलं काहीही डाळ मऊ होण्याआधी घालायचं नाही. आंबटात डाळ शिजायला हटून बसते. इगतपुरीकडचा इंद्रायणी असेल तर खिचडी आपोआप लोण्यासारखी होते, पण तो चिकट, म्हणून पाणी वाटीभर जास्त. निवताना ती आणखी घट्ट होते. दुपारची खिचडी रात्री गरम करताना कढत पाणी घालून सैल करायची. गार पाणी घातलं की वर पाणी आणि खाली गोळे, आणि खाणाऱ्याला वाटतं की आपली तब्येतच बिघडली.

दुसरा आधार नागली. पेठ-सुरगाण्याकडून येणारी, बाकी महाराष्ट्र जिला नाचणी म्हणतो ती. दोन मोठे चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात आधी कालवायचं, मग ते दोन वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचं आणि पाच-सहा मिनिटं ढवळत राहायचं. रंग गडद होऊन चकाकी आली की शिजली. कोरडं पीठ थेट उकळीत टाकलं तर प्रत्येक कणाला बाहेरून चिकट कातडी येते आणि आत पीठ कोरडंच राहतं. या गुठळ्या मग कितीही घोटा, फुटत नाहीत. ताक घालायचं ते कोमट झाल्यावर. गरम आंबिलीत ताक फाटतं. वरून मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि अर्धी पाकळी लसूण, बारीक ठेचून.

फक्त पेज-आंबिलीवर मात्र राहू नये. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि पेजेत ती नावालाच असतात. खिचडीतली अर्धी वाटी डाळ चौदा-पंधरा ग्रॅम देते, अंड्याचा पांढरा भाग साडेतीन ग्रॅम आणि त्यात चरबी जवळपास नाहीच. साय काढलेलं दही, ताक, उकडलेले मूग. मटकी, हरभरा, कोबी-फ्लॉवर दोन आठवडे लांब, कारण फुगलेलं पोट आतून टाके ओढतं. दुखणं थांबवायच्या काही गोळ्यांनी पोट बांधलंही जातं आणि कुंथायची या दिवसांत सोय नसते. रात्री भिजवलेले दहा-बारा काळे मनुके, पिकली पपई, भरपूर पाणी आणि घरातल्या घरात येरझाऱ्या.

चवीचं एक गाऱ्हाणं सगळेच करतात. मेट्रोनिडाझोल हे जंतूंवरचं औषध चालू असेल तर तोंडाला गंजलेल्या खिळ्याची चव येते. घरच्यांनी केलेलं अमृतही तसंच लागतं. स्वयंपाक करणाऱ्याशी भांडण्याआधी गोळ्यांची पट्टी वाचावी. तोवर लिंबू, कोथिंबीर आणि आल्याचा किस कामी येतो.

आणि मग येतात भेटायला येणारे. येताना चिवड्याचा पुडा आणतात, तो आपल्यासमोर फोडून खातात आणि आपल्याला पथ्य सांगतात.

"भाऊ, भात अजिबात नको हं. भाताने टाक्यांना पाणी सुटतं."

"मग काय खाऊ, काकू?"

"पेज घ्या ना. चांगली दाट तांदळाची."

लिंबाने पू होतो, वांग्याने होतो, दह्याने तर होतोच होतो. पू जंतूंमुळे होतो आणि लिंबू-आवळ्यातलं 'क' जीवनसत्त्व जखमेला उलट हवंच असतं, हे काकूंना सांगण्यात अर्थ नसतो. वाद घालायलाही पोट लागतं. खांदा दुखतो म्हटलं की ओवा हातावर येतो. दुर्बीण घालताना पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यातला थोडा मागे राहतो, श्वासपटलाला टोचतो आणि कळ खांद्यात उमटते. हा वायू आतड्याच्या बाहेर असतो, तिथवर ओव्याचे हात पोचत नाहीत. दोन-तीन दिवसांत तो आपोआप जिरतो, थोडं चालल्याने बरं वाटतं. ओवा मात्र खाऊन टाकावा. काकू समोर बसलेल्या असतात.

चौथ्या आठवड्यात, सगळं नीट असेल तर, मिसळ. बाहेरची नाही, घरची. मोड आलेली मटकी आधी वाटीभरच, मऊ उकडून. ती पचली असं दोन दिवस पाहून मग पुढे. रश्श्यासाठी एक कांदा आणि दोन पाकळ्या लसूण तेलात न परतता तव्यावर कोरडे काळपट भाजायचे. दोन मोठे चमचे सुकं खोबरं मिसळीचा जीव असला तरी त्यात निम्म्याहून जास्त तेलच असतं, म्हणून एकच चमचा घ्यायचा आणि दाटपणाला एक चमचा भाजलेलं डाळं. हे सगळं वाटून एक छोटा चमचा तेलात काळा मसाला पाऊण चमचा, तोही आच बंद करून, नाहीतर पुन्हा उशी शोधावी लागते. लगेच वाटण, मग तीन वाट्या गरम पाणी आणि दहा मिनिटं उकळी. फरसाणाच्या जागी कोरडे भाजलेले पातळ पोहे. वर कांदा, कोथिंबीर, लिंबू.

रश्श्यावर तर्रीचा एक बारीक लाल वर्तुळाकार डाग तरंगतो. चमच्याने तो आपल्या बाजूला ओढायचा. मारुतीच्या अंगठ्याला पाणी लागलं, एवढंच. पाव एक. पापड भाजलेला, तळलेला मागायला अजून पंधरा दिवस आहेत.