गेमच्या रिव्ह्यूत पाकीट शोधू नका, एम्बार्गोची तारीख बघा

एखाद्या फुसक्या गेमला दहापैकी नऊ मिळाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाकीट केवढं होतं? गेम रिव्ह्यू साइट्सना आता तीस वर्षं होत आली. या काळात दबाव आला तो बहुतेक वेळा पुढच्या दारानेच आला: जाहिरातीचा करार, रिलीजआधी मिळणारी कॉपी आणि साइटचा मालक. जाहिरातीबद्दल सगळे बोलतात. कॉपी कधी मिळाली, कुठल्या प्लॅटफॉर्मची मिळाली, कुठल्या अटींवर मिळाली, हे फार थोडे जण विचारतात. यातली मोठी अट म्हणजे एम्बार्गो: ठरलेल्या वेळेआधी रिव्ह्यू छापायचा नाही. खरी मेख तिथेच आहे.

१९९६ मध्ये गेमस्पॉट आणि आयजीएन या रिव्ह्यू साइट्स आल्या, १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये युरोगेमर. त्याच सुमारास एरिक वोलपॉ आणि चेट फॅलिझेक या दोघांची 'ओल्ड मॅन मरे' ही साइट चालू होती. २००० साली त्यांनी गेम मोजायची एक पद्धत काढली: गेम सुरू झाल्यापासून पहिलं लाकडी खोकं किंवा पिंप दिसेपर्यंत किती सेकंद गेले, तेवढेच मोजायचे. खोकं दिसलं म्हणजे डिझायनरच्या कल्पना तिथे संपल्या. थट्टाच होती, पण अनेक गंभीर स्कोअरपेक्षा प्रामाणिक होती, कारण घड्याळ लावून कुणालाही ती पडताळता येत होती. वोलपॉ पुढे वॉल्व्ह या गेम कंपनीत गेला आणि तिच्या 'पोर्टल' गेमच्या लेखनात त्याचा हात होता. सांगायचा मुद्दा, या साइटला कुठल्याही कंपनीच्या मर्जीची गरज नव्हती.

मोठ्या साइट्सना ती होती, कारण गेम साइटवर सगळ्यात जास्त जाहिरात करतात त्या गेम कंपन्याच. २००७ मध्ये 'केन अँड लिंच'च्या जाहिरातीने गेमस्पॉटचं मुखपृष्ठ भरलेलं असताना तिथल्याच संपादक जेफ गर्स्टमनने त्या गेमला ६.० दिले. नोव्हेंबरअखेर त्याची नोकरी गेली. कारण त्याला उघडपणे सांगता आलं ते थेट मार्च २०१२ मध्ये, कारण तोवर कराराने त्याचं तोंड बांधलेलं होतं. २००८ मध्ये त्याने रायन डेव्हिसबरोबर जायंट बॉम्ब ही साइट काढली. २०१२ मध्ये ती विकली गेली सीबीएस इंटरॅक्टिव्हला, म्हणजे गेमस्पॉटच्याच मालकाला! तोंड बांधणारा तो करार सुटला तोही या विक्रीमुळेच. नंतर मालक झाले रेड व्हेंचर्स, मग फँडम, आणि मे २०२५ मध्ये अखेर तिथे काम करणाऱ्यांनीच साइट विकत घेतली. एकाच साइटचा हा प्रवास बघितला तरी 'स्वतंत्र' ही पाटी कायमची नसते हे कळतं.

आता स्कोअर. २००१ मध्ये सगळ्यांच्या रिव्ह्यूंची सरासरी काढणारं मेटाक्रिटिक आलं आणि प्रत्येक साइटची पट्टी शंभरात बदलू लागलं. पाचपैकी चार स्टार म्हणजे ८०, इथवर ठीक. पण अक्षरी श्रेणीत 'बी' दिली की तिचे होतात ७५, 'बी उणे'चे ६७ आणि 'सी'चे ५०. लिहिणाऱ्याच्या मनात 'सी' म्हणजे 'बरा आहे'. पण गेमच्या बाबतीत ७५ च्या खाली पिवळा रंग लागतो आणि ५० च्या खाली लाल, म्हणजे 'बरा आहे' म्हणणाऱ्याचं मत लालच्या उंबरठ्यावर जाऊन बसतं. त्यात सगळ्या साइट्सचं वजन सारखं नाही, आणि कुणाला किती वजन ते जाहीर केलेलं नाही. या आकड्यावर लोकांचे पैसे ठरतात हे 'फॉलआउट: न्यू व्हेगस'मुळे सगळ्यांना कळलं. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनससाठी ८५ हवे होते, मिळाले ८४.

२००७ मध्ये सुरू झालेल्या रॉक पेपर शॉटगन या साइटने स्कोअर द्यायलाच नकार दिला, आणि ते बरोबरच होतं असं माझं मत आहे. त्याची किंमतही असते. स्कोअर नसला की सरासरीत तुमचं नाव नाही, तिथून येणारा वाचक नाही, आणि कंपनीच्या लेखी तुमचं वजन कमी. युरोगेमरने २०१५ मध्ये स्कोअर बंद केले आणि २०२३ मध्ये पाच स्टारच्या रूपाने परत आणले. यावरून काय ते समजा.

आता कॉपीकडे येऊ. व्यवहार असा चालतो: रिलीजच्या आधी, कधी दोन आठवडे तर कधी चार दिवस, कंपनीच्या पीआरकडून, म्हणजे प्रसिद्धी विभागाकडून, गेम उतरवून घ्यायचा एक कोड येतो. सोबत अटी असतात. रिव्ह्यू कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या टाइमझोननुसार प्रसिद्ध करायचा. कुठल्या प्रकरणापुढचं दाखवायचं नाही. स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओ वापरायचा की फक्त कंपनीने दिलेला. पन्नास तासांचा आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा लांबलचक गेम) असेल आणि हातात पाच दिवस असतील, तर रोज दहा तास खेळून तो जेमतेम संपतो. लिहिणं, संपादन, स्क्रीनशॉट हे सगळं शेवटच्या रात्रीवर येतं. मग उपकथा सुटतात, डिफिकल्टी सोप्यावर आणली जाते, आणि दमलेला माणूस दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल 'थोडा रेंगाळतो' एवढं लिहून मोकळा होतो. हा भाग खरंच रेंगाळतो की तो रात्री दोन वाजता खेळला गेला, हे वाचकाला कधीच कळत नाही.

एम्बार्गो उठतो त्या मिनिटाला सगळ्या साइट्स एकदम बटण दाबतात. सर्चमधली गर्दी पहिल्या दोन-तीन दिवसांतच असते. दुकानातून गेम विकत घेऊन आठवड्याने लिहिणाऱ्याचा रिव्ह्यू कितीही चांगला असला तरी वाचतो कोण? म्हणून प्रत्येक साइटला पीआरच्या यादीत राहायचं असतं. कुणी धमकी द्यावी लागत नाही. पुढच्या वेळी कोड जरा उशिरा आला तरी पुरतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये बेथेस्डा या गेम कंपनीने तर जाहीर धोरणच केलं की मीडियाला कॉपी रिलीजच्या एक दिवस आधी मिळेल.

यातलं सगळ्यात ठळक उदाहरण 'सायबरपंक २०७७'. डिसेंबर २०२० मध्ये रिव्ह्यूसाठी आधी कोड आले ते फक्त पीसीचे, आणि व्हिडिओत स्वतःचं फुटेज वापरायला बंदी होती. ७ डिसेंबरला भरघोस स्कोअर झळकले, १० तारखेला गेम आला, आणि पीएस४ व एक्सबॉक्स वन या कन्सोलवर त्याची काय अवस्था होती ते विकत घेणाऱ्यांनीच पाहिलं. १७ तारखेला सोनीने तो स्टोअरवरून काढायचं ठरवलं. रिव्ह्यू खोटे नव्हते. फक्त ज्या मशीनवर असंख्य लोक तो गेम खेळणार होते, त्या मशीनचे नव्हते. कंपनीने काय हातात दिलं यापेक्षा काय दिलं नाही, ही बातमी होती, आणि ती ठळक मथळ्यात यायला हवी होती.

ऑनलाइन गेमचं तर विचारूच नका. २०१३ च्या 'सिमसिटी'ला पॉलिगॉन या साइटने रिलीजआधी ९.५ दिले. खरी गर्दी आल्यावर सर्व्हर कोसळले आणि स्कोअर ८ वर, मग ४ वर आला, पुढे परत ६.५ झाला. रिकाम्या सर्व्हरवर खेळून दिलेल्या स्कोअरची किंमत एवढीच. उलट बाजूने, 'क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्युएल्ड' जून २०१९ मध्ये आला, रिव्ह्यू होऊन गेले, आणि ऑगस्टमध्ये त्यात खऱ्या पैशाने नाणी विकत घ्यायची सोय जोडली गेली. जुना रिव्ह्यू तसाच राहिला तर तो वेगळ्याच गेमचा रिव्ह्यू ठरतो.

म्हणून लहान साइट चालवणाऱ्यांनी प्रत्येक रिव्ह्यूच्या डोक्यावर ही माहिती द्यावी: प्लॅटफॉर्म आणि मॉडेल, गेमचा व्हर्जन नंबर, पहिल्या दिवसाचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) लावला होता का, किती तास खेळला, संपवला का, कोड कंपनीचा की विकत घेतलेला, आणि एम्बार्गोच्या अटी काय होत्या. व्हर्जन नंबर बहुतेक वेळा टायटल स्क्रीनच्या कोपऱ्यात असतो, त्याचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी घ्या, पॅच आल्यावर तो परत मिळत नाही. ऑनलाइन गेमला रिलीजनंतर तीन-चार दिवस स्कोअर देऊच नका. स्कोअर बदललात तर जुना खोडून टाकू नका, तारीख घालून खाली ठेवा.

पैशाचं गणित वेगळंच आहे. रिव्ह्यू आठवडाभर वाचला जातो, 'अमुक बॉस (टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू) कसा मारायचा' हे गाइड दोन-दोन वर्षं. म्हणून मालक बदलला की रिव्ह्यूची माणसं कमी होतात आणि गाइडची वाढतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये एस्केपिस्ट या गेम साइटच्या संपादकाला काढल्यावर व्हिडिओची टीम बाहेर पडली आणि त्यांची सेकंड विंड उभी राहिली. त्याच महिन्यात कोटाकू या साइटच्या माजी लेखकांनी आफ्टरमाथ ही साइट काढली. दोन्हींचा भर वाचक-प्रेक्षकांच्या पैशावर आहे. मला हाच रस्ता त्यातल्या त्यात बरा वाटतो, पण लोक वर्गणी देतात ती आवडत्या माणसांना आणि त्यांच्या गप्पांना. केवळ लेखी रिव्ह्यूवर घर चालवणं अजूनही अवघड.

आणि साइट बंद पडते तेव्हा? २ ऑगस्ट २०२४ ला गेमस्टॉप या दुकानसाखळीने आपलं गेम इन्फॉर्मर बंद केलं, आणि साइटवरच्या कुठल्याही पानावर गेलात तरी एकच निरोपाचा मजकूर दिसू लागला. १९९१ पासूनच्या या मासिकाचं ऑनलाइन काम एका दिवसात दिसेनासं झालं. मार्च २०२५ मध्ये नव्या मालकाकडे ते परत आलं, हे नशीब. बहुतेकांच्या वाट्याला ते येत नाही.

तुमची साइट वर्डप्रेसवर असेल तर नुसता एक्सपोर्ट घेऊन निवांत राहू नका. त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. स्कोअरचा डबा प्लगिनने बनवलेला असेल तर आकडे त्याच्या वेगळ्या टेबलात असू शकतात. प्लगिन बंद पडलं की लेखात उरतो चौकटी कंसातला कचरा आणि स्कोअर गायब. म्हणून पूर्ण डेटाबेस आणि अपलोड्सचा फोल्डर दर महिन्याला उतरवा, स्कोअर मजकुरातही साध्या अक्षरांत लिहा, आणि वर्षातून एकदा संपूर्ण साइटची स्थिर एचटीएमएल प्रत काढून दुसऱ्या जागी ठेवा. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये महत्त्वाची पानं स्वतः जतन करा, ती आपोआप होतील या भरवशावर राहू नका. डोमेन सुटलं की जुगाराच्या साइट्सवाले ते जुन्या लिंकांसाठी उचलतात, आणि मग तुमच्याच नावाखाली कॅसिनोच्या जाहिराती दिसतात. नूतनीकरणाची सूचना ज्या ईमेलवर येते तो साइट सोडून गेलेल्या एखाद्या सहकाऱ्याचा असेल, तर बाकी सगळ्याच्या आधी आज तो बदलून घ्या.