स्कॅन का नाही केलं म्हणे!

मेमो मिळालाय मला. रात्री दोनचा डोस सिस्टीममध्ये दोन पन्नासला दिसतोय, खुलासा करा.

करते ना खुलासा! दोन वाजता मी अँटिबायोटिक हातात घेऊन सहा नंबरच्या बेडपाशीच होते. डोस देण्याआधी औषधाचा आणि पेशंटच्या मनगटावरच्या पट्ट्याचा बारकोड ज्या हातातल्या यंत्राने स्कॅन करायचा, त्याला वायफायची रेंज नव्हती. म्हणून ते डोक्यावर धरून वॉर्डच्या दारापर्यंत आले, तिथे दोन दांड्या दिसल्या. परत बेडपाशी गेले, गायब. पेशंट जागा होऊन बघतोय, सिस्टरला झालंय तरी काय! शेवटी केसपेपर बघून, नाव विचारून डोस वेळेवर दिला आणि एंट्री सवड मिळाली तेव्हा केली. पण सिस्टीमला काय, तिला फक्त बटण कधी दाबलं तेवढंच कळतं.

सहा नंबरच्या भिंतीपलीकडे एक्स-रे रूम आहे. भिंतीत शिसं आहे, त्यातून वायफाय काय डोंबल येणार? हे बसवण्याआधी कुणी यंत्र हातात घेऊन वॉर्डात एक चक्कर मारली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. त्यात ही यंत्रं वायफायच्या जुन्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावरची. त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल धड तीन, आणि पँट्रीतला मायक्रोवेव्हही त्यातच लुडबुडतो. चालताना यंत्राने छतावरच्या वायफायच्या एका डब्याला सोडून पुढच्याला धरायचं असतं. आमचं मागच्यालाच चिकटून बसतं. आयटीवाल्याला फोन केला की एकच मंत्र, ‘बंद करून चालू करा.’ अहो, चालू व्हायला चार मिनिटं लागतात, तोवर तीन बेल वाजलेल्या असतात!

ग्लोव्हज घातले की स्क्रीनला बोट कळत नाही. ग्लोव्हज काढावेत, तर इन्फेक्शन कंट्रोलवाल्या हजर. यंत्र दर पेशंटनंतर पुसायचं, पुसून पुसून स्क्रीन धुरकट झालीय. दोन मिनिटं हात लावला नाही की लॉगआउट, मग परत पासवर्ड, त्यात एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह. सलाईन लावताना कुठल्या हाताने टाइप करू? चार्जरचं तर बोलूच नका. यंत्रं आठ, चालू चार्जर तीन, आणि सकाळची पाळी उतरलेल्या बॅटऱ्या आमच्या गळ्यात मारून जाते.

वर ऐकायचं काय, तर म्हणे नर्सेस स्कॅनिंगला पळवाटा काढतात. 2008 साली संशोधक रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णालयांत बारकोडने औषध देण्याची पद्धत तपासली, तेव्हा अशा 15 प्रकारच्या पळवाटा सापडल्या. आणि त्यामागची कारणं किती? 31. चावलेला, भिजलेला रिस्टबँड, फाटलेला बारकोड, उतरलेली बॅटरी, येणारं-जाणारं वायफाय. वाचताना वाटलं, आमच्याच वॉर्डात येऊन लिहून गेले की काय. पेशंटच्या बारकोडची जास्तीची प्रत काढून दाराच्या चौकटीवर चिकटवायची आणि तिथेच स्कॅन करायची, हेही त्यात आहे. हे धोक्याचं आहे, मला कळतं. पट्टा पेशंटच्या हातावरच स्कॅन व्हायला हवा, नाहीतर त्या यंत्राचा उपयोग काय?

आणि उपयोग आहे, हेही सांगते. एकाच आडनावाचे दोन पेशंट शेजारी-शेजारी होते, नाइटचा सलग चौथा दिवस, माझा हात चुकीच्या बेडकडे गेला होता. लाल स्क्रीन आली. त्या दिवशी त्या डबड्याचा मुका घ्यावासा वाटला होता. म्हणून तर जास्त चीड येते! वस्तू कामाची आहे. पण ती विकत आणली आणि तिच्याबरोबर लागणारं काहीच आणलं नाही. ट्रेनिंग पाऊण तासाचं, तेही ड्यूटी संपल्यावर. आता भिंतीवर तक्ता लावलाय, कुणाचं स्कॅनिंग किती टक्के. रेंज किती टक्के वेळ होती, याचा तक्ता कुठाय?

पेपरलेस झालो म्हणे. मी आजही आधी हातरुमालाएवढ्या चिटोऱ्यावर व्हायटल्स, म्हणजे नाडी, बीपी, ताप, लिहिते, मग यंत्रात भरते, आणि सिस्टीम बंद पडेल म्हणून वहीतही उतरवते. तिप्पट काम!

मेमो मात्र कागदावर आलाय. उत्तरही कागदावरच मागितलंय, दोन प्रतींत, इन्चार्ज सिस्टरच्या सहीसकट.