१९९३ सालात आम्हाला सहा सेकंद

आज संध्याकाळी लेकीनं मोबाईल समोर धरला. एका मोठ्या चॅनेलची 'देशाचं एक वर्ष' म्हणून मालिका आहे, एका भागात एक साल. स्पर्धा परीक्षा देणारी पोरं ती बघतात, वहीत टिपून घेतात. आजचा भाग १९९३चा होता. मी कौतुकानं शेजारी बसले, म्हटलं बघू, आपलं साल कसं सांगतात.

१२ मार्चचे मुंबईचे स्फोट आले. हर्षद मेहताची पत्रकार परिषद आली, पंतप्रधानांना एक कोटी दिल्याचा त्याचा आरोप आला. जुलैत नरसिंह राव सरकार अविश्वास ठरावातून कसं वाचलं, २६५ विरुद्ध २५१, ते नीट बाणबिण दाखवून सांगितलं. मग हिरो कप. उपांत्य सामन्यात शेवटची ओव्हर सचिननं टाकली आणि आफ्रिकेला सहा धावा काढू दिल्या नाहीत, ते तर दोनदा दाखवलं. जे. आर. डी. टाटा गेले तेही आलं. आणि मधे कुठंतरी, सहा सेकंद: "सप्टेंबरमध्ये लातूरला भूकंप, हजारोंचा मृत्यू."

मागे फोटो होता. फोटोत पडलेल्या दुकानाची पाटी होती. पाटी गुजरातीत होती.

गुजरातेतल्या भूजच्या भूकंपाचा फोटो. २००१चा. किल्लारीच्या, म्हणजे आमच्या लातूरच्या भूकंपाच्या नावाखाली.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. स्वयंपाक केला, भांडी झाली, आता लिहायला बसले आहे.

आपल्या माणसांना काही समजावून सांगायची गरज नाही. इथं वाचणाऱ्यातल्या निम्म्यांनी ती रात्र स्वतः काढलेली आहे. अनंत चतुर्दशी होती, पोरं विसर्जनाहून दमून झोपली होती, आणि पहाटे तीन छप्पन्नला जमीन हलली. आम्ही तेव्हा उमरग्याला राहायचो, मी आठवीत होते. आमच्या भाड्याच्या खोलीवर पत्रे होते म्हणून आम्ही वाचलो. आख्खी गल्ली रस्त्यावर येऊन बसली होती आणि कुणालाच माहीत नव्हतं की काय झालंय, कुठं झालंय.

उजाडलं तसा माझा मामा दारात आला. कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून, सास्तूरहून. अंगावर बनियन, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी माती. आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "अक्का, कुदळ दे गं."

आई म्हणाली, "काय झालं रे? माय कुठंय?"

"कुदळ दे गं आधी."

आईनं कुदळ दिली. तो ती खांद्यावर टाकून परत त्या मोटरसायकलवर बसला आणि गेला.

मला तेव्हा कळलंच नव्हतं की शेतकऱ्याच्या गावातून माणूस कुदळ मागायला तालुक्याला का येतो. सास्तूरला काय कुदळी नव्हत्या? घरटी दोन होत्या. पण त्या सगळ्या घरात होत्या, आणि घरं जमिनीवर होती. माणसंही खाली आणि माणसं काढायची अवजारंही खाली. लोक हातानं दगड उपसत होते. एवढी एकच गोष्ट त्या बारा मिनिटांत कुणी सांगितली असती तरी मी गप्प बसले असते.

आता कुणीतरी म्हणेल की देशाचं साल सांगायचं तर राजधानीचं आणि राजकारणाचंच सांगावं लागतं, भूकंप काय, निसर्गाची गोष्ट. मला नेमका याचाच राग आहे. किल्लारी निसर्गाची गोष्ट नव्हती. ६.२ किंवा ६.४ रिश्टरचा भूकंप जपानात झाला तर लोक ऑफिसला थोडे उशिरा जातात. आमच्याकडे मेलेल्यांचा सरकारी आकडासुद्धा एक नाही, कुठं ७,९२८ तर कुठं ९,७४८. माणसं मारली ती घरांनी. दोन-दोन अडीच-अडीच फूट रुंद भिंती, दगड आणि माती, मधे ना चुना ना सिमेंट, आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, त्यावर दर पावसाळ्याआधी टाकलेला मातीचा एक थर. उन्हाळ्यात आत गार वाटायचं. लाकडी खांब कितीतरी घरांत उभेच राहिले, भिंती मात्र दोन्हीकडे फुटून माणसांवर आल्या. गरिबानं घर असंच बांधायचं असतं, कारण दगड आणि माती फुकट मिळते. हे राजकारण नाही तर काय आहे?

आणि इशारा मिळाला नव्हता असं कुणी म्हणू नये. १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीला धक्क्यांमागून धक्के बसत होते. जमिनीतून गुडगुड आवाज यायचा. आजी सांगायची, रात्री फळीवरची पितळी वाजते. लोक महिनाभर अंगणात झोपले. ओरडून ओरडून सांगत होते, साहेब, काहीतरी होतंय. पण देशाच्या भूकंपाच्या नकाशात आमचा भाग झोन एकमध्ये होता, सगळ्यात सुरक्षित. दख्खनचा कातळ हलत नाही असं पुस्तकात लिहिलेलं. पुस्तकाचं खरं धरलं गेलं, आजीच्या पितळीचं नाही. धक्के थांबले, थंडी पडली, लोक परत माळवदाखाली झोपायला गेले. पुढं तो झोन एक नकाशातून गेला आणि आम्ही झोन तीनमध्ये आलो. एवढी माणसं गेल्यावर. माकणीच्या धरणामुळं झालं म्हणणारे आजही गावोगाव भेटतात, शास्त्रज्ञांचं त्यावर एकमत नाही, त्यात मी पडत नाही. पण नकाशा बदलला ही देशाच्या सालातली घटना आहे की नाही? हिरो कपाएवढी तरी?

मुंबईचं दुःख खोटं नव्हतं, मान्य. २५७ माणसं गेली त्या दिवशी, आणि डिसेंबर-जानेवारीच्या दंगलीत गेली ती वेगळी. त्यांना वेळ दिला त्याची तक्रार नाही.

आणि हेही कबूल की त्या वेळी देश धावून आला. लष्कर आलं, मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी आले, पंजाबपासून केरळपर्यंतचे ट्रक आमच्या रस्त्यावर उभे होते. भारतीय जैन संघटनेनं बाराशे पोरं शिकायला पुण्याला नेली, त्यांतली कितीतरी आज संसारात उभी आहेत. मी हे विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण पहिले दिवस कसे गेले तेही डोळ्यांनी बघितलंय. वरून पाऊस, आणि रस्त्यावर बघ्यांची इतकी गर्दी की जखमींच्या गाड्या निघेनात. जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात पडलेले. सरणाला लाकूड पुरेना, म्हणून पडलेल्या घरांच्याच तुळया काढून माणसं जाळली. एकेका चितेवर कितीतरी. पहिल्या दिवशी साड्या नको होत्या हो. पहिल्या दिवशी कुदळ हवी होती, पहार हवी होती, क्रेन हवी होती.

मामानं दुपारपर्यंत मामीला जिवंत काढलं. आजीला नाही.

मामा बोलत नाही त्यावर. मीही कधी विचारलं नाही. इतकंच सांगते की आमची कुदळ परत आली नाही. मामीला काढल्यावर ती शेजारच्या घरावर गेली, तिथून पुढच्या घरावर, मग कुणाच्या हातात गेली कुणास ठाऊक. आईला कुणीतरी नवीन घे म्हणालं तर तिनं वर्षभर घेतली नाही.

बरं, चॅनेलवाल्यांना नुसतं दुःख नको असेल, घडामोडी हव्या असतील, तर त्या काय कमी होत्या? २४ एप्रिल १९९३ला ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, गावच्या पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा. भागात त्याचं नावसुद्धा नाही! सप्टेंबरात मंडलचं २७ टक्के आरक्षण केंद्राच्या नोकऱ्यांत प्रत्यक्ष सुरू झालं, तेही नाही. नोव्हेंबरात, हिरो कपाच्याच महिन्यात, नांदेडला गौतम वाघमारे यांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्यासाठी स्वतःला पेटवून घेतलं. पुढच्या १४ जानेवारीला नामविस्तार झाला. मराठवाड्यात त्या सालाची ही गोष्ट सांगितल्याशिवाय कुणी पुढं जाऊ शकत नाही. देशाला मात्र सचिनची ओव्हर दोनदा.

आणि भूकंपानंतरचं? ५२ गावं उचलून नव्या जागी बसवली. जागतिक बँकेच्या कर्जातून ते काम झालं. त्यात दोष होते, आम्ही ते भोगलेत. जमिनीच्या हिशेबानं घरं दिली, ज्याला जमीन नाही किंवा थोडीच आहे त्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्याला ७५०. म्हणजे भूकंपानं ज्यांना एका रांगेत आणलं होतं त्यांना सरकारनं परत जागच्या जागी बसवलं. गल्ल्या गेल्या, वेस गेली, शहरासारखे सरळ रस्ते आले आणि शेजारीण हाक मारायच्या टप्प्यात राहिली नाही. पण इतकी गावं काही वर्षांत उभी करणं सोपं नव्हतं हेही खरं, आणि तेव्हाचे लातूरचे कलेक्टर प्रवीणसिंह परदेशी यांचं नाव आमच्याकडे अजून आदरानं घेतात.

जी गावं हलवली नाहीत तिथं घरं मजबूत करायचं काम निघालं, आणि ते गावातल्या बायकांनी अंगावर घेतलं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना तयार केलं, 'संवाद सहायक' म्हणायचे. ज्या बाया कधी चावडीवर चढल्या नव्हत्या त्या इंजिनिअरला विचारायला लागल्या, की कोपऱ्याला पट्टी का नाही टाकली, सिमेंट कमी का घातलं. आमची मामी त्यांत होती. जी बाई भिंतीखालून निघाली तीच दुसऱ्याच्या भिंती तपासत फिरली. याहून मोठी बातमी त्या दशकात कुठली होती, सांगा मला.

पुढं २००१ला भूज झालं तेव्हा हाच अनुभव तिथं कामी आला. आमच्या बायका कच्छमध्ये जाऊन तिथल्या बायकांशी बोलून आल्या. गाव हलवू नका, ज्याचं घर त्याला बांधू द्या, हे शहाणपण आमच्या चुकांतून निघालेलं. आणि आज भूजचा फोटो आमच्या नावावर लावतात. ज्यानं ते लावलं तो पोरगा कदाचित तेव्हा जन्मलाही नसेल, त्याच्यावर राग काढून उपयोग नाही, 'अर्थक्वेक इंडिया' शोधलं असेल आणि पहिला आला तो उचलला असेल. पण त्याच्यावर कुणीतरी साहेब असेल ना? त्यानं पाटी वाचली नाही?

लेक म्हणते, आई, परीक्षेत एवढंच विचारतात, तारीख आणि तीव्रता. मी तिला काही बोलले नाही. रविवारी तिला मामाकडे घेऊन जाणार आहे. मामा सत्तरी पार आहे, घर आरसीसीचं आहे, तरी पावसाळा सोडून बाकी वर्षभर बाहेर पत्र्याखालीच बाज टाकतो.

मी चॅनेलला लिहिलंय. फोटो काढा म्हणून, आणि गावांची नावं घाला म्हणून: किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, गुबाळ, होळी, राजेगाव, पेठसांगवी, निदान एवढी तरी. ९२चे धक्के घाला. ७३वी दुरुस्ती घाला. उत्तर आलं तर इथं टाकते.

ते म्हणतील की आमच्याकडे फोटो नाही. म्हणून तुम्हाला मागते आहे. ज्यांच्या पेटीत, अल्बममध्ये, लग्नाच्या फोटोंच्या मागच्या बाजूला जुन्या गावाचं काही आलं असेल, वेस, वाडा, शाळा, आठवडी बाजार, पडायच्या आधीचं, त्यांनी मला पाठवा. ढिगाऱ्याचे नकोत, ते खूप आहेत. मागं गावाचं नाव आणि साल लिहा. मेसेंजरवर पाठवलं तरी चालेल, मोबाईलनं फोटोचा फोटो काढून पाठवलात तरी चालेल, फक्त उजेडात काढा.