फोन साहेबांचा, पण कामं लोकांची

सरपंच असोत, पंचायत सचिव असोत की गोव्यात पर्वरीच्या सचिवालयातले अधिकारी, 'पासवर्ड आठवत नाही' म्हटलं की विषय मिटतो, हे मला अजिबात पटत नाही. साध्या माणसाचा फोन लॉक झाला तर त्याचे फोटो जातात, पदावरच्या माणसाचा झाला तर गावाची कामं अडतात.

माणूस विसरतो कसा, ते बघा. दिवसभर फोन बोटाने उघडतो, त्यामुळे पिन हाताच्या सवयीतून जातो. फोन रिस्टार्ट झाला की मात्र ठसा चालत नाही, पिनच लागतो. त्यात आपला पावसाळा! ओलं बोट सेन्सर घेत नाही, काही वेळा फसलं की पुन्हा पिनच. मग अंदाजाने आकडे दाबणं सुरू होतं आणि चुकांगणिक थांबायचा वेळ वाढत जातो. दुकानात 'उघडून' मिळतो तो बहुतेक वेळा पुसलेला फोन, कारण आतला डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात बंद असतो आणि त्याचं कुलूप पिनशी बांधलेलं असतं. अँड्रॉइड तर असा रीसेट केल्यावरही जुनं गूगल खातं मागतो.

पंचायतीत याहून नाजूक वस्तू म्हणजे डिजिटल सहीचं टोकन, संगणकाला लावायचं पेनड्राइव्हसारखं उपकरण. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवरून वित्त आयोगाचे पैसे सोडायला सचिव आणि सरपंच दोघांच्या सह्या लागतात. टोकनचा पासवर्ड ठरावीक वेळा चुकला की ते लॉक होतं. पुन्हा इनिशियलाइज, म्हणजे कोरं केलं तर आतलं सर्टिफिकेट पुसलं जातं. मग नवं सर्टिफिकेट, पोर्टलवर नव्याने नोंदणी, आणि तोवर बिलं पडून. ही कटकट नको म्हणून टोकनलाच पासवर्डची चिठ्ठी चिकटवून ते ऑपरेटरकडे ठेवणं हा तर गुन्ह्याला दिलेलं आवतणच. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 42 प्रमाणे त्या सहीची किल्ली सांभाळणं ही सहीवाल्याचीच जबाबदारी आहे.

दर 45 दिवसांनी पासवर्ड बदला, असं एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेने 2022 साली सरकारी कर्मचाऱ्यांना सांगितलं. माझं मत वेगळं आहे. अशा सक्तीतून 'पणजी@1' नंतर 'पणजी@2' एवढंच घडतं. लांब, वेगळा पासवर्ड ठेवा आणि फुटल्याचा संशय आला तरच बदला.

पिन 6 आकडी ठेवा. 4 आकड्यांत 10 हजारच जोड्या होतात, 6 आकड्यांत 10 लाख. जन्मतारीख, गाडीचा नंबर नको. आठवड्यातून एकदा मुद्दाम पिन टाकूनच फोन उघडा. कार्यालयाच्या गूगल खात्याचे 10 बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना लॉगिनला चालणारे) छापून सीलबंद पाकिटात घाला, तोंडावर दोघांच्या सह्या घ्या, पाकीट तिजोरीत ठेवा. टोकनचा पासवर्ड मात्र त्यात नको, तो ज्याची सही त्याच्याकडेच. सिमला पिन लावला असेल तर 3 चुकांनंतर पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडायचा कोड लागतो, तोही 10 वेळा चुकला की सिम कायमचं बाद.

आणि ओटीपीचा नंबर कार्यालयाच्या नावावरच हवा. सचिवाची बदली सत्तरी तालुक्यात आणि ओटीपी त्याच्या खासगी फोनवर, हे बंद व्हायला हवं. चार्ज देताना शिक्के आणि रजिस्टरं मोजून घेतात ना, त्याच यादीत सिम, कार्यालयाचा ईमेल आणि ते पाकीट लिहा. नव्या माणसाने समोरच लॉगिन करून बघावं, मगच सही करावी.